आंब्याची आढी आणि हायड्रोजनचा एक रेणू

उन्हाळा लागला म्हणजे मराठी घरांत एक जुना सोहळा सुरू होतो, तो आंब्याच्या आढीचा. घरातील अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात वाळलेले गवत किंवा साळीचा पेंढा पसरावयाचा, त्यावर कैऱ्या मांडावयाच्या, पुन्हा पेंढा, पुन्हा कैऱ्या. आणि मग आठ-दहा दिवस धीर धरावयाचा. मुलांनी मधूनच हात घालून फळे चाचपावीत आणि आजीने रागे भरावे, हाही त्या सोहळ्याचाच एक भाग. एखादे फळ आधीच पिकलेले असेल तर ते मुद्दाम आढीत ठेवण्याची चालही पुष्कळ ठिकाणी आहे. त्याच्या संगतीने बाकीची लवकर पिकतात, असा अनुभव. तो अगदी खरा आहे. परंतु त्यामागील कारण शास्त्रज्ञांच्या ध्यानी येण्यास विसाव्या शतकाचा पूर्वार्ध जावा लागला. त्या शोधाच्या पोटातच रसायनशास्त्राचा एक मनोरंजक इतिहास दडलेला आहे, आणि त्याचा एक धागा हैदराबादच्या मलकपेठेतून जाणाऱ्या रस्त्याशी येऊन मिळतो.

मलकपेठ ही मुसा नदीच्या दक्षिणेकडील वस्ती. कुतुबशाहीतील मलिक याकूब याच्या नावावरून तिला हे नाव पडले, असे सांगतात. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि कांद्याची मोठी बाजारपेठ यांमुळे तिचे नाव शहराबाहेरही परिचित आहे. लगतचे रेल्वे स्थानक काचीगुड्याचे. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडला जाणारा लोहमार्ग तेथूनच निघे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे या भागाचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. मलकपेठेतून दिलसुखनगरकडे जाणारा हमरस्ता पुढे विजयवाड्यास जातो, आणि त्याच वाटेवर गड्डीअन्नारमचा फळबाजार कित्येक वर्षे भरत असे. २०२१-२२ च्या सुमारास तो शहराबाहेर बाटासिंगारम येथे हलविण्यात आला. चैत्र-वैशाखात बंगनपल्ली आंब्यांचे ढीगच्या ढीग तेथे उतरत. आणि २०१५ साली, तेलंगण व आंध्र प्रदेश यांच्या तेव्हाच्या संयुक्त उच्च न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्यांची आपण होऊन दखल घेतली, ती याच आंब्यांच्या एका दोषाबद्दल. फळे कार्बाइडने पिकविली जात होती. त्या काळात या न्यायालयाच्या कार्यवाहक मुख्य न्यायाधीशपदी दिलीप भोसले हे महाराष्ट्रातील न्यायमूर्ती होते.

कार्बाइड म्हणजे काय, आणि त्याने फळ पिवळे का पडते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८३६ साली आयर्लंडमध्ये एडमंड डेव्ही हा रसायनशास्त्रज्ञ पोटॅशियम धातू तयार करण्याच्या खटपटीत होता. प्रख्यात हंफ्री डेव्हीचा हा चुलतभाऊ. त्याच्या भट्टीत धातूबरोबर एक काळा पदार्थ उरला. तो पाण्यात टाकताच फसफसून एक वायू निघाला आणि तो अतिशय तेजस्वी ज्योतीने जळू लागला. दिव्यासाठी या वायूचा उपयोग होईल, हे डेव्हीने तेव्हाच ओळखले. परंतु तो स्वस्तात करण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. पुढे १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या बर्तलोने त्याचा नव्याने अभ्यास केला आणि त्यास ॲसिटिलीन हे नाव दिले. १८६२ साली जर्मनीत वोलरने चुनखडीतील कॅल्शियम व कोळसा यांचे संयुग करून पाहिले, तेव्हा त्यापासूनही पाण्याच्या संगतीने हाच वायू निघाला. हेच ते कॅल्शियम कार्बाइड. तरीही ही प्रयोगशाळेतील नवलाई राहिली. १८९२ साली अमेरिकेत टॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना व डांबर तापवीत होता. त्याला हवे होते कॅल्शियम. हाती आला एक राखी, ठिसूळ दगड. पाण्यात टाकल्यावर त्यातून निघालेला वायू काजळी धरून जळू लागला, तेव्हा हे कॅल्शियम नव्हे, हे उघड झाले. कॅल्शियमपासून हायड्रोजन निघाला असता, आणि हायड्रोजनच्या ज्योतीस काजळी नसते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मोआसाँ यानेही विजेच्या भट्टीतून हेच कार्बाइड मिळविले. अशा रीतीने चुना, कोळसा आणि वीज एवढ्यांतून ॲसिटिलीन स्वस्त झाले. सायकलींचे, मोटारींचे आणि खाणींतील मजुरांचे दिवे त्यावर जळू लागले. समुद्रातील दीपगृहांसाठी या वायूचे स्वयंचलित दिवे करणारा स्वीडनचा गुस्ताफ दालेन यास १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच वर्षी ॲसिटिलीनच्याच एका स्फोटात त्याची दृष्टी गेली. हा वायू प्रकाश देणारा खरा, तितकाच अवखळही.

तो अवखळ का, हे त्याच्या रचनेतच दिसते. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत, अशी कल्पना करावी. एक हात हायड्रोजनने धरला. उरलेल्या तीन-तीन हातांनी कार्बनचे दोन अणू एकमेकांस घट्ट धरून बसले. यास त्रिबंध म्हणतात, आणि असा त्रिबंध ज्यांत असतो त्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांच्या कुळास अल्काइन हे नाव आहे. त्रिबंधात ऊर्जा पुष्कळ साठलेली असते. त्यावर हायड्रोजनचा एक रेणू बसला की एक बंध सुटतो, द्विबंध उरतो आणि ॲसिटिलीनचे एथिलीन होते. दुसरा रेणू बसला की एकेरी बंध उरतो आणि एथेन होते. तीन पायऱ्यांचा हा जिना आहे: ॲसिटिलीन, एथिलीन, एथेन. पायरी-पायरीत अंतर आहे ते हायड्रोजनच्या फक्त एका रेणूचे.

परंतु हायड्रोजन आपण होऊन या जिन्यावर चढत नाही. ॲसिटिलीन व हायड्रोजन नुसते एकत्र ठेवले तर दोघे शेजाऱ्यांसारखे स्वस्थ राहतात. त्यांची गाठ घालून देणारा, आणि स्वतः मात्र न खर्चता शिल्लक राहणारा, असा मध्यस्थ लागतो. त्यास उत्प्रेरक म्हणतात. १८७४ साली फॉन विल्डे याने प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीने हे काम करून दाखविले. पण प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंक्तीतील धातू. सामान्य धातूने ते साधण्याचा मान दक्षिण फ्रान्समधील तुलूझ या गावास मिळाला. १८९६ मध्ये मोआसाँ व मुरू यांनी निकेलसारख्या धातूंच्या ताज्या भुकटीवर ॲसिटिलीन सोडून पाहिले. भुकटी लालबुंद झाली, कोळसा साचला, आणि एवढ्यावर त्यांनी तो नाद सोडला. तुलूझचे प्राध्यापक पॉल साबातिए यांचे मात्र समाधान झाले नाही. मोआसाँ यांची अनुमती घेऊन त्यांनी निकेलवर एथिलीन सोडले आणि बाहेर येणारा वायू तपासला. त्यात त्यांना एथेन सापडले. म्हणजे निकेलने कोठून तरी हायड्रोजन घेऊन तो एथिलीनवर बसविला होता. मग १८९७ साली त्यांनी एथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रणच निकेलवरून नेले, आणि अगदी थोड्या उष्णतेवर सगळे एथेन झाले. या कामात त्यांचे सहकारी होते झाँ-बातिस्त साँदेराँ, तुलूझच्या कॅथलिक विद्यापीठातील एक धर्मगुरू. दोघांनी मिळून कितीएक संयुगांवर हा प्रयोग केला. १९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक साबातिए यांना ग्रिन्यार यांच्यासमवेत मिळाले. साँदेराँ यांचे नाव त्यात नव्हते.

साबातिए यांची रीत वायूंपुरती होती; जर्मनीच्या नॉर्मान यांनी १९०२ साली तीच युक्ती पातळ तेलास लावली. त्यातूनच घट्ट केलेली तेले निघाली. शिवडीच्या कारखान्यातून १९३७ पासून घरोघरी पोहोचलेला डालडा हा या तुलूझच्या निकेलचाच नातू.

आता एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. चार कार्बन आणि सहा हायड्रोजन एवढ्याच सामग्रीतून दोन निरनिराळी अल्काइने होतात. एकात त्रिबंध साखळीच्या टोकास असतो, दुसऱ्यात मध्यभागी. सूत्र तेच, अणू तितकेच, मांडणी वेगळी. अशा संयुगांना समघटक म्हणतात. मांडणीने गुण बदलतात: पहिले सुमारे ८ अंश सेल्सिअसला उकळते, दुसरे सुमारे २७ अंशांना. म्हणजे हैदराबादच्या थंडीतील सकाळी एक वायुरूप असेल आणि दुसरे द्रवरूप. परंतु दोहोंवरही निकेलच्या साह्याने भरपूर हायड्रोजन सोडला, तर दोहोंपासून एकच ब्युटेन मिळते, जे स्वयंपाकाच्या गॅसमध्येही असते. त्रिबंध कोठे होता याची खूण पुसली जाते. उलट हायड्रोजन अर्ध्या वाटेवर थांबविला, तर खूण शिल्लक राहते: एकापासून टोकाशी द्विबंध असलेले संयुग होते, दुसऱ्यापासून मध्यभागी असलेले. साबातिए यांचा निकेल उत्साही होता. तो सहसा शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन सोडी. मधल्या पायरीवर थांबणे ही रसायनशास्त्रज्ञांपुढील पुढची परीक्षा होती.

ती सोडविण्याचा मार्ग विलक्षण निघाला. १९५२ साली बाझेलच्या हॉफमन-ला रोश या औषधी कारखान्यातील हर्बर्ट लिंडलार यांना अ जीवनसत्त्वाच्या निर्मितीसाठी नेमका असा थांबणारा उत्प्रेरक हवा होता. त्यांनी पॅलेडियम धातू खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटवर बसविला आणि त्यास शिशाच्या क्षाराने व क्विनोलिनने मुद्दाम विषबाधा केली. जो धातू फार चपळ, त्याची चपळाई थोडी मारली. त्रिबंध धातूच्या पृष्ठास घट्ट चिकटतो, द्विबंध त्या मानाने सैल. त्यामुळे अर्धवट विषबाधा झालेल्या पॅलेडियमवर त्रिबंधाचे काम होते आणि तयार झालेला द्विबंध पुढे न जाता सुटून जातो. शिवाय हायड्रोजनचे दोन्ही अणू धातूच्या बाजूनेच येत असल्यामुळे ते रेणूच्या एकाच अंगास बसतात. दोन अणू परस्परविरुद्ध अंगांस हवे असतील तर दुसरी वाट घ्यावी लागते: द्रवरूप अमोनियात सोडियम विरघळवून त्याच अल्काइनवर प्रयोग करावयाचा. एकाच अल्काइनपासून, रीतीच्या निवडीने, दोन समघटक मिळतात.

हा भेद केवळ कागदावरचा नाही, हे विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना कळून चुकले आहे. कपाशीच्या शेंदरी बोंडअळीचा पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडतो, त्याचे रहस्य १९७३ साली अमेरिकेत उलगडले. सोळा कार्बनच्या त्या साखळीत दोन द्विबंध असतात. एकाची दिशा ठरलेली, दुसऱ्याची निम्म्या रेणूंत एक आणि निम्म्यांत उलट. या जोडीतील प्रमाण चुकले तर नर ओढले जात नाहीत. त्याआधी १९६६ साली जाहीर झालेली रचना चुकीची निघाली होती आणि तिच्यामागे पतंग फिरकले नव्हते. महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात या अळीने कहर केला, तेव्हा शेतांतून कामगंध सापळ्यांचे महत्त्व पुन्हा सांगितले जाऊ लागले. हैदराबादच्या तारनाका भागातील जी प्रयोगशाळा १९४४ साली निजामी राज्यात स्थापन झाली आणि आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, तेथेही किडींच्या अशा गंधद्रव्यांवर संशोधन चालते.

पुन्हा आढीकडे वळू. कच्चे फळ कशाने पिकते, याचा पहिला सुगावा रस्त्यावरील दिव्यांनी दिला. १८६४ साली फ्रान्समध्ये असे दिसले की, जेथे दिव्याच्या गॅसची नळी गळते तेथील झाडांची पाने गळतात. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबोव हा तरुण संशोधक वाटाण्याची रोपे अंधारात वाढवीत होता. ती सरळ वाढण्याऐवजी आडवी पडू लागली. खोलीतील हवा बदलून बाहेरची दिली की ती सरळ होत. दिव्याच्या गॅसमधील एथिलीनचा हा प्रताप, हे त्याने सिद्ध केले. १९२४ साली अमेरिकेत डेनी याने दाखविले की, केरोसीनच्या शेगड्या पेटवून लिंबांना पिवळा रंग आणण्याची तेथील बागाइतदारांची जुनी रीत उष्णतेने साधत नसून शेगडीच्या धुरातील एथिलीनने साधते. आणि १९३४ साली इंग्लंडात गेन याने पिकणारे सफरचंद स्वतःच एथिलीन सोडते, हे सिद्ध केले. फळ पिकू लागले की एथिलीन सोडते, आणि एथिलीन लागले की फळ अधिक एथिलीन सोडते. आढीत ठेवलेले ते एक पिकले फळ नेमके हेच करीत होते, आणि पेंढा त्या वायूस व उबेस धरून ठेवीत होता. आजीच्या शहाणपणास असे प्रमाणपत्र मिळाले.

कार्बाइडची पुडी हा त्या शहाणपणाचा घाईचा आणि हिणकस पर्याय आहे. कागदात गुंडाळलेली पुडी पेटीत ठेवली की फळांच्या ओलाव्याने कार्बाइड तापते आणि ॲसिटिलीन सुटते. ॲसिटिलीनचा रेणू एथिलीनसारखाच लहान आणि दिसण्यास त्याच्याच घरचा. फळाची थोडी फसगत होते. परंतु तो नकली आहे. १९६७ साली वाटाण्याच्या रोपांवर केलेल्या मोजमापात एथिलीनइतकाच परिणाम घडण्यास ॲसिटिलीन सुमारे २८०० पट लागले. जिन्यावरच्या वरच्या पायरीचे, म्हणजे एथेनचे, सामर्थ्य तर काहीच नाही. एक हायड्रोजन कमी तर नक्कल, एक अधिक तर निष्फळ. निसर्गाने नेमकी मधली पायरी निवडली आहे. म्हणूनच कार्बाइडने साल पिवळी होते आणि गर पुष्कळदा आंबट व कोचा राहतो. त्याहून गंभीर बाब अशी की, कारखान्यातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि त्यांचे विषारी वायू ॲसिटिलीनबरोबरच बाहेर पडतात. कार्बाइडला येणारा तो लसणासारखा उग्र वास त्यांचाच. शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास नाही. चक्कर, घशाची जळजळ, उलट्या असे त्यांचे परिणाम सांगितले जातात. आणि पुड्या भरणाऱ्या, पेट्या उघडणाऱ्या हमालाच्या वाट्याला ते ग्राहकाच्या आधी येतात.

म्हणून भारतीय कायद्याने या रीतीस मनाई केली आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ती होतीच. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती स्पष्टपणे कायम आहे. कायदा असूनही पुड्या थांबल्या नाहीत, म्हणूनच २०१५ साली न्यायालयास लक्ष घालावे लागले. परंतु मनाईने अर्धेच काम होते. व्यापाऱ्याची अडचण खरी आहे: पिकलेला आंबा दूरच्या वाटेने ट्रकात घातला तर वाटेतच त्याचा रस होईल, तेव्हा फळ कच्चे आणून बाजारात पिकविणे भागच. त्याला रास्त वाट हवी होती. ती २०१६ साली मिळाली. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळांच्या प्रकारानुसार दहा लक्ष भागांस १०० भागांपर्यंत एथिलीन वापरण्यास परवानगी दिली. बंद खोली, सुमारे २० अंशांचे तापमान, हवेत पुरेसा ओलावा, दिवसभर एथिलीनचा श्वास आणि मग खोली मोकळी करणे, अशी ही रीत आहे. ती आढीचीच थोरली, मोजमापातली बहीण म्हणावी. मात्र फळ झाडावर पुरते भरलेले असावे लागते. कोवळी कैरी उतरविली तर आढीने, कार्बाइडने किंवा एथिलीननेही तिच्यात गोडी उतरत नाही.

या कथेचा शेवट मुंबईच्या बाजूस होतो. एथिलीन मोठ्या प्रमाणावर लागते ते प्लास्टिकसाठी. नाफ्था तापवून त्याचे रेणू फोडणारे कारखाने १९६६ साली ट्रॉम्बे येथे आणि १९६८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभे राहिले. अशा भट्टीतून एथिलीन निघते, त्यात थोडे ॲसिटिलीन मिसळलेले असते, आणि तेवढेही पुढच्या प्रक्रियेस बाधते. ते काढण्याचा उपाय म्हणजे पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर बेताचा हायड्रोजन सोडणे: त्रिबंधाचा द्विबंध व्हावा, द्विबंधास धक्का लागू नये. बाजारातील पेटीत जो वायू नको असतो, त्याचेच येथे हवे ते एथिलीन करून घेतात.

तेव्हा उन्हाळ्यात आंबा घेताना श्रोत्यांनी एवढे पाहावे. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, देठाशी सुगंध नाही आणि वास आलाच तर लसणीचा, असे असेल तर ती पेटी परत करावी. विक्रेत्यास फळ कशाने पिकविले हे विचारावे. एथिलीनच्या खोलीत पिकविलेल्या फळाची लाज बाळगण्याचे कारण विक्रेत्यास नाही आणि भीती बाळगण्याचे कारण ग्राहकासही नाही. आणि घरी जागा व सवड असेल, तर कैऱ्या आणून पेंढ्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांचा धीर एवढीच त्याची किंमत आहे.